रणांगणाने राखले, सरावाने नेले

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ट्रक, रिक्षा आणि कामावर निघालेल्या माणसांची एवढी गर्दी असते की, डोक्यावरून विमान गेले तरी मान वर करून पाहायला कुणाला सवड नसते. ते विमान आपल्यातलाच कुणी चालवत असेल, यातही आता नवल उरलेले नाही. एके काळी मात्र हिंदी माणसाला विमान झेपेल का, अशी शंका अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना होती. ती शंका ज्यांनी खोटी ठरवली, त्यांत करुण कृष्ण मजुमदार यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ मध्ये पुण्यात ठरले होते. तेथे पटकीची साथ आली आणि ते मुंबईत भरले. अध्यक्षपदी होते कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी. १९१३ मध्ये जन्मलेले करुण हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव. आजोबांनी सनदशीर मार्गाने हक्क मागितले; नातवाने इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात शिक्षण घेऊन आकाशात आपली लायकी सिद्ध करायचे ठरवले. धिप्पाड देहामुळे सहकारी त्यांना ‘जम्बो’ म्हणत.

हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी १९३३ मध्ये कराचीत उभी राहिली, ती अवघ्या चार वापिटी विमानांवर. पहिल्या पाच वैमानिकांपैकी दोघे त्याच वर्षी अपघातात गेले. अशा दलात मजुमदार दाखल झाले आणि १९४१ मध्ये त्याच पहिल्या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ही स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात टांगू येथे पोहोचली. हाताशी होती लायसँडर विमाने. टेहळणीची, संथ चालीची. त्यांनाच बाँब लटकवून मजुमदार यांनी थायलंडमधील जपानी विमानतळावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सारी स्क्वॉड्रन त्यांच्यामागे गेली. या कामगिरीसाठी त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. पुढे १९४४ मध्ये ते स्वेच्छेने युरोपच्या आघाडीवर गेले. नॉर्मंडीवर खालून उडत, विमानभेदी तोफांच्या माऱ्यात शत्रूच्या ठाण्यांची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांनी केले. तेच पदक त्यांना दुसऱ्यांदा मिळाले. हा मान मिळवणारे ते हिंदी हवाई दलातील एकमेव वैमानिक.

मायदेशी परतल्यावर हवाई दलाच्या प्रात्यक्षिक पथकात ते सामील झाले. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरच्या वॉल्टन विमानतळावर हरिकेन विमानातून कसरतींचा सराव चालू होता. ना शत्रू, ना तोफा. पण कसरत करताना विमान जमिनीच्या जवळ असते. चूक असो वा बिघाड, सावरायला लागणारी उंचीच हाताशी नसते. विमान कोसळले. मजुमदार अवघे ३१ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात हवाई दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. ते पाहायला ते नव्हते.

असे मरण एकट्या त्यांच्या वाट्याला आले नाही. त्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबफेकी दलाची ५५ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतील ८ हजारांवर माणसे मोहिमेवर नव्हे, तर प्रशिक्षणात आणि अन्य उड्डाणांत गेली. नवखी पोरे, थकलेली विमाने, खराब हवा, रात्रीचा काळोख. यांनीही घाव घातले. घरी आलेली तार मात्र सारखीच होती. लढाईतल्या मरणाच्या कथा होतात. सरावातल्या मरणाला लोक दुर्दैव म्हणतात आणि विसरतात. पण आघाडीवरच्या प्रत्येक उड्डाणामागे असा सराव उभा असतो, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते.

पुण्याजवळ खडकीला महायुद्धातील मृतांची दफनभूमी आहे. तेथील शिळांवर नाव, हुद्दा आणि तारीख कोरलेली असते. मरण गोळीने आले की सरावात, याची नोंद तेथे कुणी केलेली नाही.