शिंपल्यांवरून खडकांचा काळ शोधणारे हिस्लॉप

महाविद्यालयामुळे नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव परिचित आहे. त्यांचे शिंपल्यांवरील संशोधन मात्र विस्मृतीत गेले. स्कॉटलंडमध्ये १८१७ साली जन्मलेले हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. टाकळीजवळ लाव्हाच्या थरांमधील खडकात त्यांना गोड्या पाण्यातील जीवाश्म कवचे सापडली. भंडाऱ्याच्या वैनगंगेचे पाणी गोदावरीतून जेथे पोहोचते, त्या राजमहेंद्रीजवळ तशाच खडकात शिंपले होते, पण सागरी! मग दोन्ही थर एकाच काळातील कसे मानायचे? १८६० च्या शोधनिबंधात हिस्लॉप यांनी या शिंपल्यांची कार्डिटा, कॉर्ब्युला अशा प्रजातींत विभागणी केली, नव्या जाती नोंदविल्या आणि दोन्ही थर इओसीन काळातील ठरविले. आज ते त्याहून जुने, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरीजवळ ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते.