खिडकीतून बाहेर गेलेली चिठ्ठी

मनोरुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल असलेल्या माणसाला घरी फोन करता यावा, आलेल्या नातेवाइकाशी बोलता यावे, जबरदस्तीने ठेवले असेल तर दाद मागता यावी, हे आज कुणालाही साहजिक वाटेल. पण हे हक्क आपोआप मिळालेले नाहीत. अमेरिकेत त्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एलिझाबेथ पॅकार्ड हे नाव फार वरचे आहे.

एलिझाबेथचा जन्म १८१६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेअर या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. ती चांगली शिकली आणि शिक्षिका झाली. एकोणिसाव्या वर्षी ती आजारी पडली तेव्हा वडिलांनी तिला काही आठवडे वूस्टरच्या मनोरुग्णालयात ठेवले. ती बरी होऊन घरी आली, पण ही जुनी नोंद पुढे तिच्याविरुद्ध वापरली गेली. १८३९ मध्ये तिचे लग्न थिओफिलस पॅकार्ड या धर्मोपदेशकाशी झाले. तो तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा होता. त्यांना सहा मुले झाली आणि पुढे हे कुटुंब इलिनॉय राज्यातल्या मँटिनो या गावी राहायला गेले.

तिथे नवरा-बायकोत मतभेद वाढले. माणूस जन्मतःच पापी असतो ही नवऱ्याच्या पंथाची शिकवण तिला पटत नव्हती आणि चर्चमधल्या अभ्यासवर्गात ती तसे उघड बोलू लागली. ती वेडी झाली आहे, असे नवऱ्याने ठरवले. इलिनॉयच्या १८५१ च्या कायद्याने त्याचे काम सोपे केले होते. इतरांना दाखल करायला वेडाचा पुरावा लागे. विवाहित स्त्रीसाठी मात्र नवऱ्याची विनंती आणि रुग्णालयाच्या अधीक्षकाची संमती पुरे होती. १८ जून १८६० रोजी दोन डॉक्टर घरी आले, त्यांनी तिची नाडी पाहिली आणि ती वेडी असल्याचे सांगितले. ती स्वतःच्या पायांनी जायला तयार नव्हती, म्हणून तिला उचलून नेण्यात आले. तिची रवानगी जॅक्सनव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात झाली.

अधीक्षक डॉ. अँड्र्यू मॅकफार्लंड सुरुवातीला तिच्याशी सभ्यपणे वागला. तिला चांगल्या वॉर्डात ठेवले होते. पण इतर रुग्णांना होणारी मारहाण आणि हेळसांड पाहून तिने त्याच्याकडे लेखी तक्रार केली. त्यानंतर तिला आठव्या वॉर्डात हलवण्यात आले. तिथे सर्वांत बिकट अवस्थेतले रुग्ण होते आणि घाण होती. तिने बादली आणि फडके मागून घेतले, रोज रुग्णांना आंघोळ घातली, वॉर्ड स्वच्छ केला. तिची पत्रे अडवली जात. मिळेल त्या कागदाच्या तुकड्यांवर ती नोंदी करी आणि त्या लपवून ठेवी.

बंद संस्थेतला छळ ओळखायचा कसा, हे तिच्या या अनुभवातून नीट समजते. बाहेरच्या जगाशी संपर्क तोडला जातो. तक्रार केली की शिक्षा होते आणि त्या शिक्षेला उपचाराचे नाव दिले जाते. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे रुग्णाचे म्हणणे हेच त्याच्या आजाराचे लक्षण ठरते. मी वेडी नाही असे एलिझाबेथ जितक्या ठामपणे सांगे, तितकी ती डॉक्टरांना जास्त वेडी वाटे.

तीन वर्षांनी, जून १८६३ मध्ये, तिला असाध्य असा शेरा मारून सोडण्यात आले. घरी परतल्यावर नवऱ्याने तिला मुलांच्या खोलीत कोंडले आणि खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. तिला मॅसॅच्युसेट्समधल्या दुसऱ्या मनोरुग्णालयात पाठवायची तयारी चालली होती. तिने कशीबशी एक चिठ्ठी खिडकीतून बाहेर टाकली. ती एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथून न्यायाधीशांपर्यंत गेली.

इथे कायद्याची एक विचित्र फट तिच्या उपयोगी पडली. नवऱ्याला बायकोला मनोरुग्णालयात घालण्याचा अधिकार होता, पण घरात कोंडून ठेवण्याचा नव्हता. न्यायाधीशांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा, हुकूम काढला. तिला वेड आहे म्हणूनच कोंडले, असे नवऱ्याने सांगितले. मग ती शहाणी की वेडी, हाच खटल्याचा प्रश्न झाला. जानेवारी १८६४ मध्ये कँकाकी इथे सुनावणी झाली. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, शेजाऱ्यांच्या झाल्या. बारा पुरुषांच्या ज्युरीला निर्णयासाठी सात मिनिटे लागली. ती शहाणी ठरली.

पण घरी जावे तर घर उरले नव्हते. नवरा मुलांना आणि सामानाला घेऊन मॅसॅच्युसेट्सला निघून गेला होता आणि मुलांवर कायद्याने बापाचाच हक्क होता. हाती पैसा नव्हता. तिने आपल्या अनुभवावर पुस्तके लिहिली, छपाईआधीच त्यांची कुपने विकून पैसे उभे केले आणि राज्याराज्यांतल्या आमदारांची दारे ठोठावली. १८६७ मध्ये इलिनॉयने कायदा बदलला. ज्युरीसमोर सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही वेडा ठरवून डांबता येणार नाही असे ठरले. त्याच वर्षी विधिमंडळाच्या समितीने जॅक्सनव्हिलच्या रुग्णालयाची चौकशी केली, रुग्णांच्या छळाचे पुरावे नोंदवले आणि अधीक्षक बदलण्याची शिफारस केली. विश्वस्तांनी मात्र त्याला पाठीशी घातले. १८६९ मध्ये तिची लहान मुले तिच्याकडे परत आली. १८७२ मध्ये आयोवा राज्यात तिच्या प्रयत्नांनी झालेल्या कायद्याने रुग्णांच्या पत्रव्यवहाराला संरक्षण दिले आणि बाहेरच्या लोकांची भेट-समिती नेमली.

तिच्या कामावर टीकाही झाली. भर न्यायालयात वेडाची चर्चा होणे खऱ्या रुग्णाला अपमानास्पद होते आणि त्यात उपचार लांबत, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते, आणि ज्युरीची सक्ती पुढे सैल करण्यात आली. पण दाखल करणारा आणि त्यावर देखरेख ठेवणारा एकच नसावा, हा तिचा आग्रह टिकला. १८९७ मध्ये ती वारली.

भारतात हाच आग्रह मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दिसतो. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक आजार त्याच्या कक्षेत येतात, म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांनाही तो लागू होतो. अशा केंद्राची नोंदणी हवी. रुग्णाला साखळीने बांधणे आणि एकांतात डांबणे याला पूर्ण मनाई आहे. हातपाय आवळायचे ते केवळ तातडीचा धोका टाळण्यासाठी, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही. रुग्णाला फोन करण्याचा, भेटीचा, तक्रारीचा आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. त्यापुढे ठेवायला मंडळाची परवानगी हवी. म्हणजे घरच्यांनी पैसे भरले म्हणून कुणाला सहा महिने कोंडून ठेवता येत नाही.

केंद्रात पहिले काही आठवडे भेट किंवा फोन नाही असे सांगितले जात असेल, भेटीत कर्मचारी शेजारून हलत नसेल, अंगावर वळ दिसत असतील, किंवा तक्रारीला व्यसनी माणसाचा कांगावा म्हणून उडवून लावले जात असेल, तर सावध व्हावे. जखमांची सरकारी रुग्णालयात तपासणी करून नोंद घ्यावी. मंडळाकडे लेखी अर्ज करावा, मारहाण असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. माणूस कोंडलेला असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो. एलिझाबेथची सुटका याच मार्गाने झाली होती.

व्यसनी माणूस खोटे बोलतो, हा घरच्यांचा अनुभव असतो आणि तो बऱ्याचदा खराही असतो. म्हणूनच मारहाणीबद्दलचे त्याचे म्हणणे तपासून पाहायचे, न तपासता फेटाळायचे नाही. कँकाकीच्या त्या बारा जणांनी एवढेच केले होते.