वालचंद हिराचंद : भारतात मोटार बनवण्यासाठी झटलेला माणूस



मुलांच्या वह्यांची शेवटची पानं एकदा उघडून बघा. फेरारी नाहीतर लॅम्बोर्गिनीचं चित्र हमखास सापडेल. मोबाईलमुळे आपल्या नगर जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरच्या मुलांनाही ही नावं पाठ आहेत. पण आपल्या महाराष्ट्रात मोटारींचा कारखाना कोणी उभा केला, असं विचारलं की वर्ग गप्प! म्हणून आजचा पाठ वालचंद हिराचंद यांच्यावर.

जन्म व शिक्षण

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दोशी या गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिकले. पण कॉलेज सोडून घरच्या धंद्यात आले. सावकारी आणि कापसाच्या व्यापारात मात्र त्यांचं मन काही रमेना.

रेल्वेची कामे आणि जहाज

लक्ष्मणराव फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याबरोबर भागीदारी करून वालचंद रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेऊ लागले. पुढे त्यांच्या कंपनीने बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे केली.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी भागीदारांसह सिंधिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला. तरी कंपनी टिकली. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मोटारीचा कारखाना

त्या काळी भारतात मोटारी नव्हत्या असं नाही. १९२८ पासून मुंबईत जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी परदेशातून आलेले भाग जोडून गाड्या तयार करत होती. पण कारखाना परक्यांचा आणि नफाही परक्यांचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये परदेशातले कारखाने पाहून भारतीय मोटार कारखान्याची योजना तयार केली. ती प्रत्यक्षात आणायला वालचंद पुढे आले.

फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी जमलं. पण इंग्रज सरकार तयार होईना. दुसरे महायुद्ध सुरू होते, आणि मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा नाही अशी सरकारची भूमिका होती. वालचंद थांबले नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला विमान कारखाना काढला. तोच आजचा ‘एचएएल’. १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे सिंधियाच्या जहाज कारखान्याची पायाभरणी झाली.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला बरेच भाग परदेशीच होते. हळूहळू ते इथे बनू लागले. नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला.

निधन व वारसा

शेवटची काही वर्षे वालचंद आजारी होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘फियाट’ घराघरात पोहोचलेली त्यांना पाहता आली नाही. याच गाडीला १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी! मारुती आल्यावर ती मागे पडली आणि २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली.

गाडी गेली, पण मोटारीचे भाग बनवायला शिकलेले हात आणि छोटे कारखाने इथेच राहिले. माझ्या मते हाच त्यांचा खरा वारसा. फेरारीचं चित्र काढणाऱ्या मुलाला रागावू नका. ही गाडी आपल्याला बनवायची झाली तर काय काय लागेल, एवढं त्याला विचारा. त्याच्याबरोबर यादी करा : पत्रा, रबर, काच, इंजिन, कामगार, पैसा. यादी लांबत जाईल आणि वालचंद यांचं काम किती मोठं होतं, ते त्याचं त्यालाच कळेल.