खेळण्यांचा बादशहा लुई मार्क्सचा काऊबॉय आजच्या ॲक्शन फिगरला कसा टक्कर देतो?

आजची एखादी महागडी ॲक्शन फिगर हातात घेऊन बघा. उंची जेमतेम सहा इंच, पण कोपर, मनगट, गुडघा, घोटा सगळं वळतं. चेहरा तर थेट सिनेमातल्या हिरोचा. तरीही जुनी खेळणी जमवणारे लोक साठ वर्षांपूर्वीच्या एका प्लास्टिकच्या काऊबॉयवर जीव टाकतात. त्याचं नाव जॉनी वेस्ट. आणि त्याला बाजारात आणणारा गडी होता लुई मार्क्स.

१८९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका ज्यू कुटुंबात मार्क्सचा जन्म झाला. पोरवयातच तो फर्डिनांड स्ट्रॉस या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाकडे कामाला लागला, पण धंद्यावरून मतभेद झाले आणि त्याला बाहेर पडावं लागलं. मग १९१९ मध्ये त्याने भाऊ डेव्हिडसोबत स्वतःची कंपनी काढली. पुढे स्ट्रॉस अडचणीत आला, तेव्हा त्याच्याच खेळण्यांचे साचे मार्क्सने विकत घेतले. त्यातलं दोरीवर चढणारं पत्र्याचं माकड लाखोंनी खपलं आणि तिशीच्या आतच मार्क्सकडे दहा लाख डॉलर जमले.

त्याचं गणित सोपं होतं. खेळणं ओळखीचं वाटावं, पोराला चकित करावं, बघताच समजावं आणि आपटलं तरी टिकावं. वर किंमतही कमी. १९५५ मध्ये त्याची कंपनी जगातली सर्वात मोठी खेळणी कंपनी होती, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तो झळकला, पण त्या वर्षी जाहिरातीवर त्याने खर्च केले फक्त ३१२ डॉलर.

१९६४ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो आणला. मुलगे 'बाहुली' म्हणून नाक मुरडतील, म्हणून त्याला नाव दिलं 'ॲक्शन फिगर'. त्याला कापडी कपडे होते आणि सांधे आतून इलॅस्टिकने जोडलेले. पुढच्याच वर्षी मार्क्सचा जॉनी वेस्ट आला. त्याचा शर्ट आणि पँट अंगासोबतच साच्यातून निघायची. कपडे बदलायची सोय नाही, पण फाटायची भीतीही नाही. टोपी, बंदूक आणि पट्टा मात्र वेगळे मिळायचे.

खरा फरक इथेच आहे. बारकाईत आजची फिगर कधीही सरस. ती कपाटात ठेवली की नजर हटत नाही, पण नाजूक सांधे आणि किंमत बघून ती पोराच्या हातात द्यायला धीर होत नाही. कितीतरी फिगर तर खोक्यातून बाहेरच येत नाहीत. जॉनी वेस्ट मात्र मातीत लोळण्यासाठीच जन्मला होता. चेहऱ्यावर फारसे भाव नव्हते, ते पोरांनी मनाने भरायचे.

पण दणकटपणावर धंदा कायम तरला नाही. टीव्हीवरच्या जाहिरातींनी बाजाराचं गणित बदललं आणि मार्क्सलाही तिकडे वळावं लागलं. १९७२ मध्ये त्याने कंपनी क्वेकर ओट्सला विकली. १९८० मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि १९८२ मध्ये मार्क्स गेला.

त्याचे काऊबॉय आजही जुन्या बाजारात सापडतात. अनेकांची टोपी हरवलेली असते, बंदूक गायब असते. अंग मात्र बहुतेक वेळा शाबूत असतं.