गायतोंडे यांच्या चित्रासमोर

चाळीसच्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कोण कोण शिकत होतं, हे आज वाचलं तरी आश्चर्य वाटतं. सय्यद हैदर रझा, गोव्याचे लक्ष्मण पै, थोडे मागून आलेले तय्यब मेहता. आणि गिरगावच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं. १९४८मध्ये त्यांनी पदविका घेतली.

सुरुवातीची त्यांची चित्रं लघुचित्रांच्या वळणाची होती. माणसं होती, सपाट रंग होते. मग पन्नासच्या दशकात हळूहळू माणूस गेला, वस्तू गेली. राहिला रंग आणि त्यातून वर येणारा उजेड.

आता कल्पना करा, आपल्याबरोबर शिकलेल्या मुलाचं प्रदर्शन लागलंय. आपण कौतुकानं जातो आणि भिंतीवर ओळखीचं काहीच नाही! काय बोलायचं? कोण काय बोललं ते मी सांगत नाही. पण या मंडळींनी पुढे आपापल्या ब्रशनं जे केलं, ते मला उत्तरासारखंच वाटतं. तय्यब यांनी माणूस सोडला नाही. कोसळणारा, तुटलेला माणूस ते रंगवत राहिले. पै यांनीही आकृती जपली. रझा निसर्गचित्रांतून फिरत फिरत बिंदूपाशी पोचले. गायतोंडे मात्र मागे वळले नाहीत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलंही त्यांना रुचत नसे.

१९५७मध्ये टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं. १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१मध्ये पद्मश्री. पुढल्याच वर्षी त्यांनी मुंबई सोडून दिल्ली गाठली आणि निजामुद्दीनच्या एका बरसातीत बिऱ्हाड केलं. लग्न केलं नव्हतं. झेन वाचावं, संगीत ऐकावं, तासन् तास कॅनव्हासकडे पाहत बसावं. रोलर आणि सुरीनं रंग चढवायचा, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून तो उचलायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाकाठी चित्रं होत पाच-सहा.

माझी नोकरी बँकेतली. असा अर्जदार समोर बसला असता, तर उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं, या विचारानंच मला घाम फुटला असता. त्यांच्या एका चित्राला २०१३मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटींहून अधिक आणि २०२५मध्ये दुसऱ्या एकाला ६७ कोटींहून अधिक बोली लागली. ज्यांनी ती रंगवली, ते पहिल्या लिलावाच्याही बारा वर्षं आधीच, १० ऑगस्ट २००१ला गेले होते.

पैशांपेक्षा मला १९८४ जास्त छळतं. त्या वर्षी अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहणं अवघड झालं. मग त्यांनी कागद घेतला, शाई घेतली. मोजक्या काळ्या खुणा. लिपी वाटावी, पण वाचता येत नाही.

दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या एका चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. आधी मी सवयीनं काहीतरी शोधत होतो, समुद्र, क्षितिज, दिवा. चित्राला नाव नव्हतं, त्यामुळे आधारही नव्हता. वीसेक मिनिटांनी शोधणं थांबलं. मग खालच्या थरातला पिवळा दिसला, जो इतका वेळ तिथेच होता.