३८ जकात सीमा मोडायला निघालेल्या फ्रेडरिक लिस्टला त्याच्याच राज्याने हाकलून दिलं होतं

साल १८१९. हॅम्बुर्गहून ऑस्ट्रियाला माल पाठवायचा म्हटलं की वाटेत दहा राज्यं लागायची. दहा ठिकाणचे नियम वेगळे आणि जकातही दहा वेळा.

आज ज्याला जर्मनी म्हणतात, तो तेव्हा एक देश नव्हताच. लहानमोठ्या ३९ राज्यांचा तो एक सैलसर संघ होता आणि त्यात ३८ जकात सीमा होत्या. इंग्लंडच्या गिरण्यांचा स्वस्त माल आत येत होता, आणि जर्मन कारागिराला मात्र शेजारच्या राज्यात माल विकणं परवडत नव्हतं.

याविरुद्ध उभा राहिला फ्रेडरिक लिस्ट. १७८९ मध्ये रॉयटलिंगेन गावात, कातडी कमावणाऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. सरकारी कारकुनी करत तो ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८१९ मध्ये त्याने फ्रँकफर्टला व्यापारी आणि कारखानदारांची संघटना उभारली आणि संघाच्या सभेकडे अर्ज केला. मागणी साधी होती. आतले सगळे नाके काढा आणि बाहेरच्या सीमेवर एकच जकात लावा.

सभेने दाद दिली नाही. प्राध्यापकी गेली. पुढे तो व्युर्टेमबर्ग राज्याच्या विधिमंडळात निवडून आला, पण तिथल्या नोकरशाहीवर टीका केली म्हणून १८२२ मध्ये त्याला दहा महिन्यांची शिक्षा झाली. तो पळाला, परत आल्यावर पकडला गेला. शेवटी अमेरिकेला निघून जायच्या अटीवर १८२५ मध्ये त्याची सुटका झाली.

अमेरिकेत त्याला हवं होतं ते चित्र समोर दिसलं. तिथल्या राज्यांमध्ये आपसात जकात नव्हती, पण परदेशी मालावर मोठा कर होता. पेनसिल्व्हेनियात त्याने जर्मन वर्तमानपत्र चालवलं आणि कोळसा व रेल्वेच्या धंद्यातही हात घातला.

इकडे जर्मनीत प्रशियाने काम पुढे नेलं. छोट्या राज्यांना भीती होती, की जकात गेली तर तिजोरी कशी भरणार? प्रशियाने तोड काढली. जकात सामाईक सीमेवर गोळा करायची आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायची. १ जानेवारी १८३४ ला 'झोलफेराइन' हा जकात संघ सुरू झाला. १८ राज्यं आणि सुमारे २.३ कोटी लोक एका बाजारात आले.

हा करार सरकारी अधिकाऱ्यांनी घडवला, लिस्टला त्यात जागा नव्हती. अमेरिकेचा वाणिज्य दूत म्हणून जर्मनीत परतलेला लिस्ट रेल्वेच्या मागे लागला होता. त्याने आग्रह धरलेला लाइपझिग-ड्रेस्डेन मार्ग १८३९ मध्ये पूर्ण झाला.

१८४१ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ आला. बरोबरीच्या शेजाऱ्यांनी आपसातला व्यापार खुला करावा. पण समोरचा देश उद्योगात खूप पुढे असेल, तर आपले नवे कारखाने पायावर उभे राहीपर्यंत त्यांना संरक्षण द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. हे संरक्षण कायमचं नसावं, हेही त्याने बजावलं.

पुढे आजारपण आणि पैशांची चणचण वाढत गेली. ३० नोव्हेंबर १८४६ ला ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइन इथे त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय होतं ५७. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला, तेव्हा त्यातली बहुतेक राज्यं आधीपासूनच एका बाजारात होती. या बाजाराबाहेर राहिलेला ऑस्ट्रिया नव्या जर्मनीच्याही बाहेरच राहिला.

लिस्टचा विचार पुण्यापर्यंत पोचला. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी त्याचा दाखला दिला. भारताची जकात तेव्हा इंग्रज ठरवत होते, त्यामुळे इथल्या नव्या उद्योगांना संरक्षण द्यायचं तरी कुणी, हा प्रश्न होता.

२०१९ मध्ये भारत आशिया-प्रशांत देशांच्या आरसेप कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, तेव्हाही चिनी मालापुढे इथले उद्योग टिकतील का, हीच काळजी होती. दार उघडायचं कुणासाठी आणि कधी, हा लिस्टचा प्रश्न प्रत्येक मुक्त व्यापार कराराच्या वेळी पुन्हा टेबलावर येतो.