देहूच्या वाण्याची वही

तुकारामबुवांचें नांव घेतांच आमच्या डोळ्यांपुढें टाळ, वीणा आणि वैकुंठास जाणारें विमान उभें राहतें. परंतु संत होण्यापूर्वीं ते दुकानदार होते, ही गोष्ट आमचे व्यापारी बंधु बहुधा विसरतात. आज आम्ही त्या देहूच्या वाण्याविषयींच चार शब्द लिहिणार आहों. कारण आमच्या खामगांव-मलकापूरच्या पेठांस त्यांचेपासून शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

इंद्रायणीकांठच्या देहू गांवीं सतराव्या शतकाच्या आरंभीं तुकारामांचा जन्म झाला. जात कुणब्याची, धंदा वाण्याचा. घरीं शेती, दुकान, सावकारी आणि पेठेची महाजनकी. वडील बोल्होबा वृद्ध झालेले, थोरले बंधु सावजी विरक्त वृत्तीचे. यामुळें पोरवयांतच वहीखातें तुकारामांच्या हातीं आलें. पुढें आईबाप गेले. तोंच १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ दक्षिणेवर कोसळला. गुरें मेलीं, उधारी बुडाली, दिवाळें निघालें. प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावांचून गेल्या आणि पाठोपाठ मुलगाहि गेला.

अशा वेळीं सावकाराचा मार्ग ठरलेला असतो. आपली तूट भरून काढण्यासाठीं तो कुळाला घट्ट धरतो. आणि दुष्काळांत पकड जितकी घट्ट, तितकी जमीन स्वस्त. तुकारामांच्या घरींहि वडिलांच्या वेळचीं खतें होतीं. परंपरा सांगते कीं, तीं सर्व इंद्रायणींत बुडवावीं असें त्यांनीं ठरविलें. तेव्हां धाकटे बंधु कान्होबा यांनीं आपणांस संसार करावयाचा आहे असें सांगितलें. तुकारामांनीं निम्मीं खतें भावाच्या स्वाधीन केलीं आणि आपल्या वांट्याचीं तेवढीं डोहांत सोडलीं.

वांटणीचे दावे पाहिलेल्या आम्हां वकिलांस या कथेंत कर्जमाफीहून ही अर्धी वांटणी अधिक मोलाची वाटते. दुसऱ्याच्या पैशानें दानशूर होणें सोपें आहे. भावाच्या हिश्शास हात न लावतां, त्याच्या निवडीस दूषण न देतां, केवळ आपला हक्क सोडणें हें कठीण. दुष्काळानें नागविलेला माणूस आणि बुडव्या माणूस यांतील भेद त्यांना कोणीं शिकवावा लागला नाहीं. तो त्यांनीं स्वतःच्या घरीं भोगला होता.

महिपतींनीं अठराव्या शतकांत लिहिलेल्या चरित्रांत आणखी एक गोष्ट येते. दुसऱ्या पत्नी जिजाबाई यांनीं कर्ज काढून दिलेल्या भांडवलावर तुकारामांनीं व्यापार केला, नफा मिळविला आणि परत येतांना सर्व रक्कम कर्जानें गांजलेल्या एका गृहस्थास देऊन टाकली. जिजाबाईंनीं त्यांस बोल लावला, व तो अगदींच अनाठायीं होता असें आम्ही म्हणणार नाहीं. घरचीं पोरें उपाशी ठेवून दान करावें असा उपदेश कोणा गृहस्थास करणें योग्य नव्हे. अनुकरण करावयाचें तें त्यांच्या व्यवहारांतील सचोटीचें.

आतां आपल्या घराकडे पाहूं. १८७० त जलंबहून खामगांवास आगगाडीचा फांटा आला तो कापसासाठीं. बाजारांत अडत, दलाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता असे कापसाचे वांटेकरी उभे राहिले. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरे आणि मालाचा धनी बाजूस उभा राही. बाजारास शिस्त लावण्यासाठीं १८९७ त बऱ्हाडांत कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. तिकडे १८७५ त सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेव्हां १८७९ चा कायदा आला. २००६ त शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या ६ जिल्ह्यांस केंद्र सरकारनें मदत जाहीर केली, त्यांत आमचा बुलढाणा होता. आणि २०१४ त सावकारी नियमनाचा आणखी एक कायदा झाला. कायदा नेहमीं असा मागाहून येतो. शिवाय तो पुराव्यापुरता चालतो. कोऱ्या कागदावरील अंगठा कोणत्या नडीपोटीं उठला, हें न्यायासनापुढें सिद्ध करणें गरिबाला क्वचितच साधतें.

म्हणून खतें नदींत सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. चार साधे नियम पुरे आहेत. घेतांना आणि देतांना कांटा एकच असावा. वहींत लिहिलेली प्रत्येक ओळ कुळास वाचून दाखवितां यावी. नडलेल्याची नड ही नफ्याची बाब समजूं नये. भावाचा, गुमास्त्याचा आणि हमालाचा वांटा त्यांना मागावयास न लावतां द्यावा. यांत धंदा बुडविणारें कांहींएक नाहीं; उलट पेठेची पत यावरच उभी असते.

दिवाळींत आम्ही सर्व वहीपूजन करतों. कुंकू वाहण्यापूर्वीं ही वही आपल्या कुळासमोर उघडण्याची आपली छाती आहे काय, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.